उरलेली हळद

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वाशीमकडच्या गावांत बैलांचे खांदे मळतात. जुवाने घट्टे पडलेल्या जागी हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. घरात हे काम त्याच्याकडे असे. खांदा म्हणजे तळहाताला लागणारी ती जाड, ऊबदार कातडी, एवढीच त्याची लहानपणची ओळख.

दुसरा खांदा त्याने बाजार समितीत पाहिला. सोयाबीनच्या हंगामात यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागत. पाठ ताठ, जोर पायांचा, ही वेटलिफ्टिंगची पहिली शिकवणी त्याला हमालांकडूनच मिळाली.

मग स्वतःचा.

पस्तिशीत उजवा खांदा कुरकुरू लागला. आधी फक्त स्नॅचमध्ये बार डोक्यावर गेला की. पुढे सदऱ्याच्या बाहीत हात घालताना. शेवटी रात्री कुशीवर वळतानाही. दंडाच्या हाडाचा गोळा उथळ बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा असतो आणि चार स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. एमआरआयमध्ये त्यांच्या कंडरा सुजलेल्या दिसल्या, फाटलेल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, “दुर्बिणीतून वरचं हाड थोडं तासता येईल. नाहीतर तीन महिने नेमाने व्यायाम करून बघा. ठरवा तुम्ही.”

त्या ‘ठरवा तुम्ही’चं वजन कुठल्याच प्लेटवर लिहिलेलं नव्हतं.

त्याला आठवला सांगलीचा संकेत सरगर, चहा-पानाची टपरी चालवणाऱ्याचा मुलगा. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलो गटात, १३९ किलो उचलताना त्याचा उजवा कोपर दुखावला. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला. एकूण २४८ किलो, रौप्य. सुवर्ण एका किलोने हुकलं. पुढे लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. पण ती इजा एका क्षणात झालेली होती. याचं दुखणं वर्षानुवर्षं मुरलेलं.

अशाच दुखण्यांवरच्या शस्त्रक्रियेची चाचणी ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत झाली होती. ३१३ रुग्ण, तीन गट. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून पाहिलं, काहींवर उपचारच केले नाहीत. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला: तासलेले आणि नुसते पाहिलेले सारखेच निघाले. उपचार न झालेल्यांपेक्षा दोघे किंचित बरे, पण तो फरक रुग्णाच्या जगण्यात जाणवावा एवढा नव्हता. रुग्ण काही वेटलिफ्टर नव्हते, हे त्याला कळत होतं. तरी ते पान त्याने दोनदा वाचलं.

आणि मीराबाई चानू. पाठ-खांद्याच्या त्रासासाठी ती २०२० मध्ये अमेरिकेत ॲरन हॉर्शिग या फिजिओथेरपिस्टकडे गेली. तिथे उपचार होते ते हालचाल सुधारण्याचे, तोल सावरणाऱ्या व्यायामांचे. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला, जुलैत टोकियोला रौप्य.

त्याने तीन महिने मागून घेतले. स्नॅच बंद. गोठ्याच्या खांबाला रबर बँड बांधला. रोज सकाळी ओढायचा, सावकाश सोडायचा. बैल रवंथ करत बघत राहत. दुखणं गेलं नाही. मात्र रात्रीची झोप परत आली. महिने संपायला अजून तीन आठवडे आहेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात तशीच आहे.

यंदा खांदेमळणीला तो नेहमीप्रमाणे वाटी घेऊन उभा राहिला. पलीकडच्या खांद्यावर हात नेताना तीच ओळखीची कळ आली. त्याने वाटी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने चोळू लागला.

मायचं लक्ष होतं. म्हणाली, “उरलं ते तुह्या खांद्याले लाव.”

त्याने लावलं.