माझ्या मशीनवर तर चालतंय!

गेले चार विकांत मी एक कथा लिहितोय. कथा म्हणजे फार काही नाही, आठ-नऊ पानं. पण इंजिनियरिंगची चार वर्षं आणि नंतरची हापिसातली सहा-सात वर्षं मिळून मी जे काही 'लिहिलं' ते म्हणजे ईमेल आणि कोडमधल्या कॉमेंट्स. (त्या तर मीसुद्धा परत वाचत नाही.) त्यामुळे आठ पानं हेच माझं एव्हरेस्ट.

लिहायचं तर सोबत गाणं पाहिजे, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. कोड लिहिताना मी काय वाट्टेल ते ऐकतो. त्याला काही नियम नाही. डेडलाईन जवळ आली की आवाज वाढवायचा, एवढंच. आणि मोठमोठे लेखकही हेच करतात असं वाचलं होतं. मुराकामी तर लेखक व्हायच्या आधी तोक्योमध्ये जॅझचा बार चालवायचा. 'नॉर्वेजियन वुड' लिहिताना बीटल्सची एकच टेप शंभराहून जास्त वेळा ऐकली, हे त्यानंच सांगितलंय. स्टीफन किंगनं 'ऑन रायटिंग'मध्ये लिहिलंय की तो एसी/डीसी आणि मेटालिका लावून लिहितो; मोठ्या आवाजातलं संगीत हे त्याच्यासाठी खोलीचं दार लावून घेण्यासारखं आहे. म्हटलं, चला. आपल्याकडे हेडफोन तर चांगले आहेत. निम्मं काम झालं :)

पहिल्या विकांताला जुनी हिंदी गाणी लावली. अजिबात जमेना. गाण्यात शब्द असले की ते माझ्या शब्दांशी भांडतात. मी 'पाऊस' लिहायला जायचो आणि कानात दुसरंच कुणीतरी कशालातरी सावन म्हणत असायचं. मग भावगीतं. ती तर मराठीच, म्हणजे अजूनच पंचाईत. अर्ध्या तासात माझं वाक्य कुठलं आणि गाण्यातलं कुठलं तेच कळेना. मग ते लो-फाय का काय म्हणतात ते. छान असतं, पण त्यानं मला जावास्क्रिप्ट सुचतं, कथा नाही.

शेवटी सापडला तो उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा. १९६०च्या सुमारास निघालेली ती प्रसिद्ध एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मला शास्त्रीय संगीतातलं फारसं कळत नाही, पण मित्रानं समजावलं तेवढं सांगतो. मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज, जो कुठल्याही रागात घरी परतल्यासारखा वाटतो, त्यावरही गायक फारसा टेकत नाही. म्हणजे घर आहे, पण घरी जायचं नाही. म्हणूनच ऐकताना एक बेचैनी सतत लागून राहते. गंमत म्हणजे पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर हेच सहा. इनपुट सेम, आउटपुट तीन. हे ऐकून माझ्यातला इंजिनियर दिवसभर खूश होता.

वर खाँसाहेबांची लय इतकी संथ की शब्द जवळजवळ विरघळून गेलेले. भांडायला कुणी नाही. मी तो मारवा लूपवर टाकला आणि खरंच, बोटं चालायला लागली.

आता कथा कशाची ते सांगायला हवं.

आमचं घर म्हसळ्याचं. रायगड जिल्ह्यात, माणगावहून श्रीवर्धनला जाताना घोणसे घाट उतरलात की लागतं ते. (पुण्याचे लोक दिवेआगरला जाताना इथून जातात आणि वडापावपुरते थांबतात.) बाबा पोस्टातून निवृत्त झाले. पण आळीत त्यांची ओळख पोस्टातले म्हणून नाहीच, पखवाजवाले म्हणून. दर एकादशीला देवळात भजन असायचं, आणि माझी लहानपणची झोप ही साधारण रूपाचा अभंग संपून गवळण सुरू व्हायच्या मध्ये कुठेतरी, आईच्या मांडीवर, पखवाजाच्या आवाजात लागलेली आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आत शिरलं ते दुपारी, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यासकट. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. माणसांनी वीस-पंचवीस वर्षं वाढवलेलं काही तासांत गेलं. आमच्या घराची निम्मी कौलं उडाली, मागच्या पडवीचे पत्रे तर शेजारच्या परसात सापडले. घरात लाईट यायला महिना लागला.

मी तिथे नव्हतो. वाकडच्या फ्लॅटवर होतो, लॉकडाऊनमध्ये, नोकरीला लागून दीडेक वर्ष झालेलं. तीन दिवस फोन लागला नाही. त्या तीन दिवसांत मी दोन रिलीज केले, हे आज लिहितानाही विचित्र वाटतं. ई-पास काढून घरी पोचलो तेव्हा बारा दिवस उलटून गेले होते. घरावर निळी ताडपत्री आली होती आणि आई मला चहा करून देत होती, जसा काही मी नेहमीसारखा शनिवारी आलोय.

त्यानंतर पखवाज वाजलेला मी ऐकलेला नाही. खोलीत खुंटीला आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. कधी विचारलंही नाही. मी धरून चाललो की वादळात भिजला, पुडी गेली, संपलं. कथा त्याचीच. म्हातारा, वादळ, छप्पर उडतंय, म्हातारा पखवाज छातीशी धरून पावसातून पळतोय, मुलगा धावत येऊन त्याच्या हातातून तो घेतो, सकाळी वाळून तडकलेल्या पुडीवर म्हातारा थाप मारतो आणि आवाजच येत नाही.

मारवा चालू होता, रात्रीचे दोन वाजले होते, आणि तो शेवट लिहून झाल्यावर मला रडू आलं. स्वतःच्याच कथेला! च्यायला, म्हटलं, जमलं की आपल्याला. लगेच एका मित्राला पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, "ठीक आहे रे. पण शेवटी नक्की काय झालं? रडायचं होतं का तिथे?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

पुढच्या विकांताला म्हसळ्याला गेलो. शनिवारी संध्याकाळी ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलो. बाहेर पाऊस, मशिदीतून मगरिबची बांग आलेली. मारव्याची वेळही नेमकी हीच, दिवस मावळतानाची. म्हटलं काय योग आहे. हेडफोन कानाला लावतोय तर लाईट गेली. इथे पावसाळ्यात लाईट जाणं ही बातमी नसते, पण नेट गेलं आणि हेडफोनची बॅटरीही संपलेली. म्हणून कथा नुसतीच वाचायला घेतली. गाण्याशिवाय, पहिल्यांदाच.

काय सांगू. ती कथा नव्हतीच. "म्हातारा स्तब्ध उभा होता. पाऊस कोसळत होता. त्याच्या डोळ्यांत सारं काही होतं." कसलं सारं काही? जे काही होतं ते खाँसाहेबांच्या गळ्यात होतं! मी एक सपाट वाक्य टाकायचो, कानात तो कोमल रिषभ लागायचा आणि मला वाटायचं वाक्यात केवढी वेदना उतरलीय. वाक्यात काही नव्हतं. रडलो होतो तो मारव्याला.

आमच्या धंद्यात ह्याला एक नाव आहे. टेस्टर बग घेऊन येतो, तेव्हा डेव्हलपर निरागस चेहऱ्यानं म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." चालतंच, कारण तुझ्या मशीनवर आणखी दहा गोष्टी इन्स्टॉल आहेत ज्या तू गिऱ्हाईकाला पाठवलेल्याच नाहीस. मित्राला मी वर्डची फाईल पाठवली होती. मारवा माझ्याच मशीनवर राहिला.

तेवढ्यात बाबा मेणबत्ती घेऊन बाहेर आले.

"एवढं काय टाईप करतोस?"

"कथा लिहितोय."

"कसली?"

"तुमच्या पखवाजाची."

ह्यावर ते काही बोलले नाहीत. मेणबत्ती ठेवली, खुर्ची ओढली. "वाच बघू."

वाचली. मोठ्यानं वाचताना तर अजून वाईट. दोन-तीन 'स्तब्ध' मी वाचता वाचता गाळले. संपल्यावर बराच वेळ फक्त पागोळ्यांचा आवाज.

मग बाबा म्हणाले, "पखवाज भिजला नव्हता रे."

"म्हणजे?"

"कोरडा होता. आतल्या खोलीत, तिथली कौलं शाबूत राहिली. आणि तो उचलून पावसात कोण पळेल? तुझ्या आईला घेऊन आधी शेजारी गेलो आम्ही. पखवाज डोक्यातपण नव्हता."

"मग फाटला कसा?"

"उंदरानं खाल्ला."

मला हसावं की काय कळेना. पण ते गंभीर होते. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात, आवाजाला खर्ज यावा म्हणून. वाजवून झालं की ती खरवडून काढायची असते, नाहीतर उंदीर-झुरळं येतात. मार्च २०२० मधल्या एकादशीला भजन झालं ते घाईतच. कोरोनाच्या बातम्या होत्या, लोक लवकर उठले, कणीक नीट निघाली नाही. पुढच्या एकादशीला काढू म्हणून राहिली. पुढची एकादशी लॉकडाऊनमध्ये. तिच्या पुढचीही. त्या वर्षी १ जुलैच्या आषाढीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकाच एसटीनं पंढरपूरला गेल्या, तिथे आमच्या आळीतल्या भजनाचं काय? आणि घरावर ताडपत्री, डोक्यात कौलांचे भाव. कधीतरी ऑगस्टमध्ये चादर सोडली तर डाव्या पुडीला एवढं भोक.

"बदलून का नाही घेतली? पुडी मिळते की."

"मिळते," बाबा म्हणाले. "पेटीवाले बुवा गेले त्याच वर्षी मुलाकडे, नालासोपाऱ्याला. बाकी दोघं आता बसत नाहीत, गुडघे दुखतात. घेऊ, घेऊ म्हणता राहिलं." मग थांबून, "वादळात नाय गेला तो. उगाच वादळाच्या नावावर टाकू नको."

मी लॅपटॉप मिटायला लागलो तर म्हणाले, "तुझ्या गोष्टीत मुलगा घरी आहे."

"हो."

"बरं," ते म्हणाले. बस, एवढंच. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला लिहिता येणार नाही, आणि खरंच, कुठला राग लावूनही येणार नाही.

नंतर जेवणं झाल्यावर, लाईट नव्हतीच, ते खुर्चीच्या हातावर बोटांनी भजनी ठेका धरून बसले होते. आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा. मुद्दाम नव्हे, सवयीनं. मध्येच आईला काहीतरी विचारायचे, बोटं चालूच. मध्येच थांबायचे, डास मारायचे, आणि पुढच्या समेवर बरोबर हजर. मी मोबाईलवर गुपचूप चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं. त्यात ठेका कमी आणि बेडूक जास्त आहेत.

पुण्याला परत आल्यावर ती कथा मी काढून टाकली नाही, पण जवळजवळ तेच. आता माझी पद्धत बदललीय. मारवा ऐकतो, अजूनही ऐकतो, पण लिहायला बसायच्या आधी, अंधारात, हात रिकामे ठेवून. संपला की हेडफोन काढून खणात. मग बाबांचे ते चाळीस सेकंद एकदा. आणि मग पंखा आणि शेजारच्यांचा टीव्ही ह्यांच्या आवाजात जे काय सुचेल ते. सुचतं फारच कमी. पूर्वी एका रात्रीत चार पानं व्हायची, आता एका विकांताला एक, तेही मी सोमवारी खोडतो. मुराकामी आणि किंग ह्यांना कसं जमतं देव जाणे. बहुधा त्यांची वाक्यं गाणं बंद केल्यावरही उभी राहत असतील.

छप्पर उडायचा प्रसंग काढलाय. त्या जागी वाकडच्या फ्लॅटमधला एक मुलगा आहे, जो एकच नंबर परत परत लावतोय आणि दुसऱ्या स्क्रीनवर त्याचा बिल्ड चालू आहे. म्हातारा फक्त शेवटच्या दोन पानांत येतो. स्तब्ध वगैरे नाहीये तो, कौलांचा हिशोब करतोय.

शेवट अजून सापडलेला नाही. उंदीर मात्र आलाय कथेत.