वावरात वैरी, अंगणात लाडकी

हरळीचं नशीब मोठं मजेचं. वऱ्हाडातल्या कपाशीच्या वावरात ती दिसली की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. डवरा फिरवा, निंदण करा; एक पेर जरी मातीत राहिलं तरी पाऊस पडताच ती पुन्हा पसरते. तीच गणपतीपुढे दूर्वा होते आणि अमरावती-अकोल्याच्या नव्या कॉलन्यांत फाटकाआड लॉन म्हणून मिरवते. माझ्या हातातली नळी बघून गावाकडचे काका म्हणाले, "काहून बा, जिले आमी जनमभर उपटलं, तिले तू पाणी पाजून रायला?"

काकांचं खरंच होतं. हरळीला पाण्याची एवढी हाव नाही. संध्याकाळी नळीनं रोज शिंपडा मारला की बरं वाटतं ते आपल्याला, गवताला नाही. वरची अर्धा इंच माती भिजते, मुळंही तिथंच रेंगाळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ४४ अंशांत होरपळतात. त्यापेक्षा आठवड्यातून एखाद-दोनदा, पहाटे, पोटभर पाणी द्यावं. मुळं ओलीमागे खाली उतरतात. दहा बाय दहा फुटांच्या तुकड्याला इंचभर पाणी म्हणजे सुमारे २३० लिटर, भरलेला ड्रम आणि वर दोन बादल्या.

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. नळी सोडली की आधी पाणी गटागटा भेगेत जातं. मग माती फुगते, भेग मिटते आणि पुढचं पाणी वरच साचतं. म्हणून थोडं द्यावं, अर्धा तास थांबावं, पुन्हा द्यावं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचं पाणीच खारं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, मातीवर पांढरा थर चढतो. हरळी हा खार बराच सोसते. काळी माती मात्र त्यानं घट्ट, चिवट होऊन बसते. उन्हाळ्यात गवत फार बुटकं कापू नये. दीड-दोन इंच राहू द्यावं, म्हणजे त्याचीच सावली मातीवर पडते.

अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, अमरावतीचं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धातून. मे महिन्यात या धरणांची घटती पातळी पेपरात वाचायची आणि अंगणात नळी सोडून ठेवायची, हे काही शोभत नाही. पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते. वरची पाती सोडून देऊन ती जमिनीखालची खोडं जपते. पंधरवड्यातून एकदा ओल मिळाली तरी तग धरते आणि मृगाच्या सरी आल्या की पुन्हा फुटते.

तेव्हा मे महिन्यात हिरव्यागार लॉनचा हट्ट सोडा. वाचलेलं पाणी कुंपणाजवळच्या लिंबाच्या, आंब्याच्या कलमाला द्या. कलम एकदा वाळलं की परत येत नाही, हरळी येते.