जनरल रजिस्टरातलं नाव

दरवर्षी प्रिलिमच्या आधी आमच्या शाळेत करिअर गाईडन्सचा कार्यक्रम होतो. दहावीच्या मुलामुलींना हॉलमध्ये सतरंजीवर बसवलं जातं. चित्रकलेचे सर फळ्यावर खुशखत उर्दूत विषय लिहितात : 'आलमी मईशत और हमारे तलबा', म्हणजे जागतिक अर्थव्यवस्था आणि आपले विद्यार्थी. बाहेरून पाहुणे येतात. त्यांच्या भाषणात इक्बालचा शाहीन एकदा तरी उडतोच. मग सच्चर समितीचा २००६ सालचा अहवाल निघतो. त्यातले आकडे आता आम्हा सर्वांना पाठ झाले आहेत. शेवटी डॉक्टर बना, इंजिनिअर बना, कलेक्टर बना असं सांगून चहा होतो. हे आम्ही कुणाला हसण्यासाठी लिहीत नाही. ज्या वर्षी पाहुणे मिळाले नाहीत त्या वर्षी हे भाषण आम्हीच ठोकलं आहे. बी.एड.ला असताना याच विषयावर निबंध लिहून आम्ही चांगले मार्कही मिळवले होते.

दोन वर्षांपूर्वी असंच भाषण चालू असताना मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, मेरे दादा जीकेडब्ल्यू में थे. वो कंपनी गई कहाँ?" हॉलमध्ये हशा पिकला. पाहुण्यांनी "अच्छा सवाल है" म्हणून पुढची चिठ्ठी उचलली. पण आम्हाला वाटलं, आजचा विषय खरा या पोरालाच कळला आहे.

भांडुपला जगाचा बाजार काही आज कळलेला नाही. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. मुंबईहून ठाणे-कल्याण आणि पुढे घाटापर्यंत रेल्वे न्यावी ही कल्पना त्यांना त्या मुक्कामात सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे ही रेल्वे घाट चढली त्यामागे कापसाचं मोठं कारण होतं. दख्खन-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात यायचा आणि तिथून बोटीनं विलायतेच्या गिरण्यांत जायचा. म्हणजे जग आमच्या दारावरून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच जायला लागलं होतं.

मग कारखाने आले. एलबीएस मार्गावर आणि आसपास गेस्ट कीन विल्यम्स, म्हणजे लोकांच्या तोंडी जीकेडब्ल्यू, टायरवाली सिएट, रंगवाली एशियन पेंट्स. सोनापूर, खिंडीपाड्यात ज्यांनी झोपड्या बांधल्या त्यांतले कितीतरी याच कारखान्यांच्या आधारानं इथं टिकले. त्या काळी करिअर गाईडन्स फार सोपं होतं. चाचा फोरमनशी बोलायचे, भतीजा आधी बदलीवर लागायचा, नंतर कायम व्हायचा. सही करता आली तरी भागायचं. आमच्या आधीच्या पिढीतल्या शिक्षकांना मुलांच्या नोकरीची चिंता करावीच लागली नाही, असं ते स्वतःच सांगतात.

तो काळ गेला. जीकेडब्ल्यू बंद पडली. एशियन पेंट्सनं भांडुपमधलं उत्पादन २०१४ साली थांबवलं. त्याच्या आदल्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला त्यांचा नवा मोठा कारखाना सुरू झाला होता. सिएटचेही नवे कारखाने गुजरातेत हलोलला २०११ साली आणि नागपूरला २०१६ साली निघाले. दादांच्या कंपनीचं आम्हाला नीट सांगता येणार नाही, पण त्या मुलाला द्यायचं उत्तर साधारण असं होतं : बाबा रे, काम संपलं नाही, काम हललं. कधी साताऱ्याला गेलं, कधी गुजरातेत, कधी आखातात. आता कामाच्या मागे माणसानं जायचं. आणि जायचं तर फोरमनची ओळख पुरत नाही, कागद लागतो. त्या कागदाचा पहिला कपटा आमच्याच शाळेच्या कपाटात असतो. त्याचं नाव जनरल रजिस्टर.

हे आम्हाला कसं कळलं ते सांगायला हवं. सांगताना जीभ जड होते, पण सांगतो.

२०१८ च्या मार्चमधल्या परीक्षेचे फॉर्म भरायचं काम आमच्याकडे होतं. फॉर्म संगणकावर, नेट सारखं जाणारं, आणि वर्गात एका आडनावाची दहा-दहा मुलं. उर्दूत नाव लिहिणं सोपं. मीम, हे, मीम, दाल लिहिलं की मोहम्मद झालं. पण उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. ते इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण आपल्या मनानं भरतो. कुणी 'ओ' घालतो, कुणी 'यू'. कुणी शेवटी 'ई-डी', कुणी 'ए-डी'. शेखचे तर तीन-चार प्रकार आमच्या एकाच वर्गात होते. त्यातल्या एका मुलाच्या नावाआधी जुन्या क्लार्कनं रजिस्टरात नुसतं 'एम-डी' लिहून ठेवलं होतं. आम्हीही तेच चढवलं. बोर्डाकडून प्री-लिस्ट तपासायला आली तेव्हा एका ऑफ तासात तीसेक मुलांच्या सह्या घेऊन टाकल्या. "अपना नाम देख लो और साइन करो." पंधरा वर्षांचा मुलगा सर समोर उभे असताना काय बघणार! त्यानं सही केली.

मुलगा हुशार नव्हता, पण हाताचा पक्का होता. शाळेतला पंखा बंद पडला की शिपाई त्यालाच हाक मारायचा. दहावी झाला, मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला लागला. मधे कोरोना आला, तरी त्यानं कोर्स पुरा केला, दोन वर्षं साईटवर काम केलं. २०२३ साली कतारमध्ये कामाची संधी आली. एजंटनं कागद मागवले. आधारवर आणि जन्मदाखल्यावर पूर्ण मोहम्मद, दहावीच्या सर्टिफिकेटवर एम-डी, आणि आयटीआयचं सर्टिफिकेट दहावीवरून बनलेलं म्हणून तिथंही एम-डी. कुणीतरी सल्ला दिला, पासपोर्टच्या अर्जाला दहावीचा कागद जोडूच नको, नाव जुळत नाही, अडकेल. त्यानं जोडला नाही. पासपोर्ट आला, पण त्यावर ईसीआरचा शिक्का घेऊन.

या तीन अक्षरांचा अर्थ आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरचं कुणी आखातात आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली, जो दहावी पास नाही त्याला सौदी, कतार, कुवेत, ओमान, अमिरात अशा अठरा देशांत नोकरीला जायचं असेल तर सरकारची वेगळी मंजुरी लागते. गरीब अडाणी माणसाला फसवू नये म्हणून हा बंदोबस्त आहे, आणि तो चांगल्या हेतूनं आहे. दहावी पास असलेल्याला साधारणपणे ही अट नाही. म्हणजे दहावीची ती मार्कशीट, जी आपण लॅमिनेट करून ट्रंकेत ठेवतो, ती आखाताच्या दारातली किल्ली आहे. आमच्या या विद्यार्थ्याकडे किल्ली होती, पण तिच्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. पुढे सर्टिफिकेटवर सरकारी शिक्के घ्यायची वेळ आली तेव्हा पासपोर्टचं नाव वेगळं म्हणून तेही अडलं.

तो आमच्याकडे आला. शाळा सोडल्यावर रजिस्टरातलं नाव बदलायचं तर शिक्षण खात्याची परवानगी, मग वाशीला बोर्डात दुरुस्ती, मग आयटीआयचं सर्टिफिकेट. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. आम्ही अर्ज लिहिले, खेपा घातल्या. नाव दुरुस्त व्हायला वर्षभर लागलं. कतारची जागा केव्हाच भरली होती. त्या वर्षात त्याच्या वडिलांनी बहिणीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलली. तो एवढंच म्हणाला, "सर, गलती से हुआ होगा." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्री-लिस्टवर सही त्याची होती, पण तीस सह्या गोळा करून ताडकन् पेन खिशाला लावणारे आम्ही होतो.

नावाची गोष्ट कळल्यावर आमचे डोळे इतर गोष्टींकडेही गेले. आमच्या एका विद्यार्थिनीला दहावीत सायन्समध्ये उत्तम गुण होते. अकरावीला ती इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात गेली, कारण अकरावी सायन्सला दुसरा रस्ताच जवळपास नाही. महिन्याभरात ती शाळेत आली आणि म्हणाली, कॉलेज सोडते. का? तर मॅडम फोटोसिंथेसिस शिकवत होत्या, तिनं ते शेजारणीच्या वहीवरून उतरवलं, घरी येऊन आकृती बघितली आणि रडायला लागली. "सर, ये तो झियाई तालीफ थी. मुझे पूरी आती थी." वर्गात हात वर करायची वेळ आली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला काहीच येत नाही.

आम्ही उर्दूतूनच शिकवतो आणि त्याची आम्हाला लाज नाही. मूल घरच्या भाषेत जे समजतं ते पक्कं समजतं. पण समजलेल्या गोष्टीचं बाहेरच्या जगातलं नाव त्याच्या हाती दिलं नाही, तर तेही एक प्रकारे नावाचं चुकलेलं स्पेलिंगच झालं. आमच्या शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग नाही. तो कधी सुरू होईल याची वाट पाहायची की आजच काही करायचं? त्या मुलीला बसवून आम्ही एका वहीला तीन रकाने आखले. झियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. कसाफत, घनता, डेन्सिटी. इस्राअ, त्वरण, ॲक्सिलरेशन. खलिया, पेशी, सेल. ती मुलगी टिकली. ती वही आता आमच्या नववी-दहावीच्या वर्गात दरवर्षी नव्यानं लिहिली जाते. रोज तासाच्या शेवटी पाच शब्द, त्याहून जास्त नाही.

मधला मराठीचा रकाना कशाला, असं काही पालक विचारतात. आम्ही सांगतो, आयटीआयचा अर्ज, पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, महापालिकेची खिडकी, सगळीकडे मराठी आहे. जगाच्या बाजाराला जाणारी वाट आधी महाराष्ट्रातून जाते. आखातातून परत आलेल्या एका मामांना आम्ही वर्गात बोलावलं होतं. ते म्हणाले, "हमारे बच्चे कुरआन पढ़े हुए हैं, अरबी का बोर्ड फटाफट पढ़ लेते हैं, मगर मतलब एक का नहीं मालूम." मुलं हसली. आम्हाला मात्र ते वाक्य आमच्या इंग्रजीच्या तासालाही लागू आहे असं वाटलं. अक्षर ओळखणं आणि भाषा येणं यात अंतर असतं, आणि ते अंतर परीक्षेत दिसत नाही, मुलाखतीत दिसतं.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. आखाताचीही पहिली चमक राहिलेली नाही. सौदीनं २०११ साली निताकत आणली, म्हणजे कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात आपल्याच देशाची माणसं ठेवायची. आता तर टायपिंग, भाषांतर, हिशेब अशी कामं मशीन करू लागलं आहे. पाच वर्षांनी कोणता धंदा चालेल हे आम्हाला सांगता येत नाही, आणि स्टेजवर छातीठोकपणे सांगणाऱ्यालाही येत असेल असं वाटत नाही. म्हणून भविष्य सांगणं आम्ही सोडून दिलं आहे. मुलाचं नाव सर्व कागदांवर एक आहे का, शिकलेली गोष्ट त्याला तीन भाषांत ओळखता येते का, आणि मुलुंडच्या आयटीआयचं फाटक त्यानं एकदा तरी आत जाऊन पाहिलं आहे का, एवढंच आम्ही बघतो. यात भाषण ठोकण्यासारखं काही नाही. पण हे आमच्या हातात आहे, आणि शाहीन उडवणं आमच्या हातात नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की नववीच्या वर्गात आमचा एक दिवस नावाचा असतो. पालकांना जन्मदाखला आणि आधार घेऊन बोलावतो. बहुतेक अम्मीच येतात. काही धुण्याभांड्याचं काम अर्धं टाकून आलेल्या असतात. प्रत्येक मूल फळ्याजवळ येऊन आपलं नाव उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत लिहितं. मग आम्ही ते दाखल्याशी ताडतो, रजिस्टरात काही चूक असेल तर ती मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्तीला लावतो. सही सगळ्यात शेवटी.

कतारला जाऊ न शकलेला तो मुलगाही गेल्या वर्षी त्या दिवशी आला होता. आता तो भांडुपमध्येच वायरिंगची कामं घेतो, हाताखाली एक पोरगा आहे, नवा पासपोर्टही काढला आहे. जाणार का विचारलं तर म्हणतो, "देखेंगे सर." आम्ही बोलावलं नव्हतं, पंख्याच्या कामासाठी आला होता. शिडीवरून उतरला आणि दाराशी उभा राहून बघत राहिला.

फळ्यावर एक मुलगी नाव लिहून जागेवर गेली होती. आम्ही ते रजिस्टरात उतरवत होतो. ती परत उठली, जरा घाबरत म्हणाली, "सर, मेरे नाम में दो 'ए' हैं. आपने एक लिखा."

आम्ही चष्मा पुसला, दाखला पुन्हा पाहिला. दोन होते. दाराशी उभा असलेला तो हसला की नाही ते पाहायचं धाडस झालं नाही. ओळ खोडली आणि नव्यानं लिहिली.