आईची शेगडी

घरी गॅस आला तेव्हा आईने कोळशाची शेगडी भंगारात दिली होती. गेल्या डिसेंबरात इंदूरच्याच एका भंगारवाल्याकडे तशीच बिडाची शेगडी दिसली. (मी हिंदी माध्यमात शिकलेला, घासाघीस ‘सिगड़ी’ म्हणूनच केली.)

दोन रविवार तारेच्या ब्रशने गंज खरवडला, उरलेला चिंचेच्या कोळाने काढला. मग उन्हात वाळवून गोडेतेलाचा हात दिला. जाळी मोडलेली होती. बाजारातली जस्ताचा मुलामा दिलेली घेणार होतो, पण आमच्या विज्ञानाच्या बाईंनी अडवले. तापल्यावर जस्ताचा धूर बाधतो. शेवटी लोहाराकडून साध्या लोखंडी सळ्या बसवल्या.

पहिल्याच रात्री हौसेने शेगडी आईच्या खोलीत ठेवली आणि थंडी म्हणून खिडकी लावली. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘‘अरे, डोकं जड झालंय.’’ कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे मी वर्गात कितीदा शिकवले असेल! दारे उघडली, तिला अंगणात आणले, डॉक्टरांना बोलावले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता शेगडी अंगणातच असते. परवा आईने तिच्यावर भरताचे वांगे भाजले. सळ्या जरा लांब लांब बसल्या आहेत, असे तिचे म्हणणे आहे.