फिल्टर आहे तिथेच राहू दे

चि. बंड्या,


फोटो मिळाला. उजव्या चाकाच्या पोकळीतून हात कोपरापर्यंत आत, आणि तरी बोटं जेमतेम फिल्टरच्या बुडाला लागतायत. तू विचारतोस, हा डिझेल फिल्टर तिथून काढून ड्रायव्हरच्या दाराखाली चेसिसवर बसवला तर? तयार संच मिळतात, पुढच्या वेळी उभ्या उभ्या काम होईल. माझं मत विचारशील तर हलवू नकोस. मिनेसोटात राहतोयस तोवर तर नकोच. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुझी सिल्व्हरॅडो २००३ची, म्हणजे इंजिन ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स, एलबी७. जनरल मोटर्स आणि इसुझू यांनी भागीदारीत काढलेल्या कारखान्यात, इथे ओहायोतल्या मोरेनला ही इंजिनं बनली. माझ्या घरापासून ते गाव लांब नाही. या इंजिनाची एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. टाकीकडून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा पंप कंपनीने यात दिलेलाच नाही. इंजिनावरचा बॉशचा सीपी३ पंप स्वतःच टाकीपासून डिझेल ओढून घेतो आणि मग ते दाबाखाली इंजेक्टरांकडे पाठवतो. फिल्टर या ओढीच्या वाटेवर आहे. शहाळ्यातल्या नळीला बारीक भोक पडलं तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत येते, इथेही तसंच. सांधा सैल असला तरी जमिनीवर डिझेलचा थेंब दिसेलच असं नाही, पण गाडी एअर घेते. सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो, चढावर ट्रेलर ओढताना दम जातो, आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. फिल्टर चेसिसवर नेलास की पाइप वाढला, सांधे वाढले, आणि ते सगळे चाकांनी उडवलेल्या खडीच्या आणि मिठाच्या चिखलाच्या माऱ्यात आले.

थंडीचं याहून महत्त्वाचं. डिझेलमध्ये मेण असतं. पारा शून्याखाली बराच उतरला की त्याचे कण धरू लागतात आणि सगळ्यात आधी फिल्टरच्या कागदावर साचतात. पंपवाले हिवाळ्यात पातळ डिझेल मिसळून देतात हे खरं, पण तुमच्याकडचे उणे तीस काही थट्टा नाही. त्यात तुमच्या राज्यात डिझेलमध्ये बायोडिझेल घालायचा कायदा आहे, उन्हाळ्यात २० टक्के आणि हिवाळ्यात ५ टक्के. बायोडिझेल साध्या डिझेलच्या आधी गोठतं, शिवाय जुन्या टाकीतला गाळ सोडवून पुढे आणतं. आत्ता तुझा फिल्टर इंजिनाच्या कुशीत आहे, त्याच्या डोक्यात डिझेल तापवणारा हीटरही आहे. ही जागा तुझ्या हाताला वाईट आहे, डिझेलला फार चांगली आहे. रात्री डुलुथच्या रस्त्यावर गाडी बंद पडण्यापेक्षा वर्षातून एकदा चाक उतरवणं मला शंभरदा बरं वाटतं.

आणि बदलायला अवघड म्हणून फिल्टर पुढे ढकलत जाऊ नकोस, याची मला खरी काळजी आहे. एलबी७चे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आहेत. गळू लागले तर डिझेल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. या इंजेक्टरांसाठी कंपनीने ७ वर्षं किंवा २ लाख मैलांची खास हमी दिली होती, ती तुझ्या गाडीपुरती केव्हाच संपली. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब १६०० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाखाली डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा धातू खाते.

आता काम कसं करायचं ते. वरून हात घालत बसू नकोस. पुढचं उजवं चाक उतरव, गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेव, आणि मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर सोडव. फिल्टर समोर येतो. आधी बुडाचा कॉक उघडून डबा लाव. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसलेलं असतं. ते काचेच्या बाटलीत धरून बघ, टाकीची तब्येत कळते. मग पाण्याच्या सेन्सरची वायर काढ आणि पट्ट्याच्या पान्याने फिल्टर सोडव. सेन्सर जुन्या फिल्टरच्या बुडातून काढून नव्याला लावायचा आहे. तो प्लास्टिकचा आहे, नवी ओ-रिंग घाल, तिला डिझेलचं बोट लाव आणि हातानेच आवळ.

एक जागा अशी आहे की तिथे घाई करायची नाही. फिल्टर निघाला की वर, त्याच्या डोक्यावर, बोट गोल फिरव. जुनी रबरी रिंग बऱ्याचदा तिथेच चिकटून राहते, काळ्यावर काळी, डोळ्याला दिसत नाही. नखाने उचलली जाते. ती राहिली आणि तिच्यावर नवी बसली, की फिल्टर घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि गाडी रोज एअर घेते. बैठक धागे न सुटणाऱ्या फडक्याने पूस, मगच नवा चढव.

नव्या फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतून तो भरू नकोस. ते न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाऊ शकतं. डोक्यावर हाताने दाबायचा पंप आहे, त्यासाठीच दिलाय. शेजारचा एअरचा स्क्रू सैल कर, बुडबुडे जाऊन सलग डिझेल येईपर्यंत दाब, स्क्रू बंद कर, आणि पंप अंगठ्याला कडक लागेपर्यंत आणखी दाबत राहा. हा स्क्रूही मुळात प्लास्टिकचा असतो, जोर केलास तर आटे जातील. दुकानात धातूचा मिळतो, तो आजच मागवून ठेव.

आपल्याकडचे मिस्त्री एअर काढायला इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारतात, तू लहानपणी पाहिलं असशील. ते जुन्या पंपांवर चालायचं. इथे चुकूनही करू नकोस. या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तसाच इस्पितळात जावं लागतं.

पुढेमागे कॅम्पर वारंवार ओढणार असलास तर चेसिसवर टाकीजवळ ढकलपंप बसव, त्याच्यासोबत स्वतःचा फिल्टर आणि पाणी वेगळं करणारा भाग असलेला संच घे. त्यानंतर डिझेल दाबाने येईल, त्या वाटेवर गळती झाली तर ती बाहेर दिसेल, आणि बहुतेक घाण खालीच अडेल. पण वरचा मूळ फिल्टर तेव्हाही काढू नकोस, दुसरा पहारेकरी म्हणून राहू दे. पंपाशिवाय ओढीच्या वाटेवर नुसताच आणखी एक फिल्टर घालायचा विचार मात्र सोडून दे, सीपी३वर ताण येतो. आणि सारखं अस्तर सोडवायचा कंटाळा येत असेल तर फिल्टरसमोर त्याला तीन बाजूंनी कापून झडप कर आणि स्क्रूने बंद कर. पूर्ण काढून टाकू नकोस, मीठ आत जाईल.

काम झाल्यावर गाडी थोडी फिरवून आण आणि रात्रभर उभी ठेव. सकाळी चावी लावायच्या आधी तो हातपंप दाबून बघ. कडक लागला तर सगळं ठीक आहे. मऊ लागला तर एअर येतेय. कशालाही हात न लावता मला फोन कर, मी सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून जागा असतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा