शिप्रेकाठचे लिहिते मराठी

उज्जैनला आपली मंडळी जातात ती महाकालासाठी. पहाटेची भस्मआरती, मग पोहे-जिलबी, 2022 साली उघडलेल्या 'महाकाल लोक'मध्ये फोटो आणि दुपारी ओंकारेश्वरची गाडी. यात वाईट काहीच नाही. पण या गावात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची एक जुनी वस्ती आहे आणि तिच्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत, हे इतक्या घाईत कळत नाही. गेल्या कार्तिकात मी आत्याकडे तीन दिवस राहिलो, ते त्या वस्तीसाठी.

कारण आधी सांगतो. आपल्या मंडळाच्या मुलांच्या लेखन कार्यशाळेचं काम माझ्याकडे आणि आणखी तिघांकडे आहे. मुलांनी फक्त मराठीतच लिहायचं की इंग्रजीत, कन्नडमध्ये लिहिलेलंही चालवायचं, यावरून आमचे दोन-दोन गट पडले आहेत. माझी तेरा वर्षांची भाची इंग्रजीत झकास गोष्टी लिहिते. मराठीत लिही म्हटलं की चार ओळींत आटोपते. 'मग ती इथे कशाला?' असं एकजण म्हणाले. प्रश्न रागावण्यासारखा नव्हता, खराच होता. बेंगळुरूत वीस-पंचवीस वर्षं स्थिरावलेल्या आपल्या घरांतली मुलं काय लिहितील, कोणासाठी लिहितील, हे आपण ठरवलं नाही तर ते आपोआप ठरणार आहे.

उज्जैनच्या मराठी माणसांसमोर हाच प्रश्न फार आधी आला.

इंदूरच्या विमानतळावरून साधारण साठ किलोमीटर. 2028 च्या सिंहस्थाची तयारी चालू असल्यामुळे रस्ता ठिकठिकाणी खणलेला होता. आत्या फ्रीगंजमध्ये राहते. तिची मराठी ऐकायला मजा येते: 'भाजीत नमक कमी आहे', 'थोडा आराम करून घे'. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, पण शिंद्यांच्या काळापासून इथे असलेल्या घरांची ही बोली आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. पुढे बायजाबाई शिंद्यांनी छत्री चौकात गोपाळ मंदिर बांधलं. 1810 साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबार गेला, पण कारकून, शिक्षक, पोलीस, भिक्षुक यांची घरं इथेच राहिली.

कालिदास समारोह देवप्रबोधिनी एकादशीला सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. महाराष्ट्रात कालिदास आठवतो तो आषाढाच्या पहिल्या दिवशी. उज्जैनकरांनी कार्तिक निवडला. याचा जनक म्हणजे पंडित सूर्यनारायण व्यास. हे मोठे ज्योतिषी, लेखक, 'विक्रम' मासिकाचे संपादक. सरकारने हात घालण्याआधी कित्येक वर्षं ते गावातल्या लोकांना घेऊन कालिदासाचा उत्सव करत होते. 1958 साली त्याला अखिल भारतीय रूप आलं आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद उद्घाटनाला आले. कालिदास अकादमी वीस वर्षांनी, 1978 साली आली. आधी माणसं जमली, मग इमारत झाली, हा क्रम मला आवडला. आपल्याकडे आधी हॉलचं बुकिंग होतं.

गडकालिकेच्या देवळात कालिदासाला वाणी मिळाली अशी आख्यायिका आहे, म्हणून समारोहाआधी तिथे वागर्चन होतं. मग कलशयात्रा, विद्वानांचे निबंध, कालिदासाच्या काव्यांवरच्या चित्रांचं आणि शिल्पांचं प्रदर्शन, संध्याकाळी नाटक. निबंधांच्या सत्रात, खरं सांगायचं तर, मला दोनदा डुलकी लागली. पण मुलांच्या संस्कृत वादविवादाला हॉल जागा होता. घरी जी भाषा कोणीच बोलत नाही, तिच्यात ही मुलं एकमेकांचे मुद्दे खोडून काढत होती. माझ्या शेजारची मुलगी ओठ हलवत आपलं भाषण घोकत होती. वहीत तिने संस्कृत वाक्यांच्या वर हिंदी अर्थ पेन्सिलने लिहिले होते. (याच गावात दर 1 एप्रिलला 'टेपा संमेलन' भरतं. टेपा म्हणजे मालवीत बावळट. मोठमोठ्या लोकांना व्यासपीठावर बोलावून त्यांची यथेच्छ टर उडवली जाते. आत्याच्या मते गावाचं खरं साहित्य तेच.)

समारोह पाहायला लोक बाहेरून येतात. गावात लिहिणाऱ्याला मात्र एकमेकांचं लिखाण ऐकणारी, त्यावर बोलणारी चार माणसं लागतात. तशी संघटना इथे उभी करणारा माणूस मराठी घरातला होता: गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचं घराणं मूळ खानदेशातलं, जळगावकडचं. पणजोबा ग्वाल्हेर संस्थानात आले. गजाननरावांचा जन्म 1917 चा, श्योपूरचा. वडील माधवराव पोलीस खात्यात, नोकरी गावोगाव फिरवणारी, पण घर शेवटी उज्जैनचंच. घरात मराठी. आई हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या वाचायची आणि प्रेमचंदही. 1930 साली मिडलच्या परीक्षेत हा मुलगा उज्जैनलाच नापास झाला. पुढे इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झाला आणि उज्जैनला येऊन शाळेत शिकवू लागला. याच दिवसांत त्यांनी इथे मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाची पायाभरणी केली. शाळामास्तराच्या पगारात काय होणार, पण संघाच्या सभांना रामविलास शर्मा, अमृतराय यांच्यासारख्यांना ते बाहेरून बोलवत आणि गावातल्या नवख्या पोरांना त्यांच्यासमोर बसवत. 1944 च्या अखेरीस त्यांनी इंदूरला फॅसिस्टविरोधी लेखकांचं संमेलन भरवलं, अध्यक्ष राहुल सांकृत्यायन. तेव्हा मुक्तिबोध सत्तावीस वर्षांचे होते.

आमच्या क्षेत्रात कोड रिव्ह्यू असतो: तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तपासणारा कडक असला की रात्री झोप लागत नाही, पण काम सुधारतं. अशा सभांचं काम तेच असावं. आपल्या काव्यसंध्येत मात्र 'वा, सुंदर' याखेरीज शब्द निघत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

त्याच वेळी उज्जैनच्या माधव कॉलेजात प्रभाकर माचवे शिकवत होते. तेही 1917 चेच, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. 1943 साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' काढलं. हिंदी कवितेला नवं वळण देणाऱ्या या पुस्तकात सात कवी आहेत, त्यांतले दोघे मराठी घरातले, मुक्तिबोध आणि माचवे, आणि दोघांचाही उज्जैनशी असा संबंध. माचव्यांनी पुढे हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्हींत लिहिलं आणि ते साहित्य अकादमीचे सचिव झाले. मुक्तिबोध हिंदीतच लिहीत राहिले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह 1964 साली आला. त्याच वर्षीच्या 11 सप्टेंबरला ते गेले. पुस्तक त्यांना धड पाहता आलं नाही.

पण माझं लक्ष जास्त लागलं ते धाकट्या भावाकडे. शरच्चंद्र मुक्तिबोध, जन्म 1921. तेच घर, तेच आई-वडील, तीच नदी, आणि हा भाऊ मराठीत लिहू लागला. 1949 साली 'नवी मळवाट' हा कवितासंग्रह आणि 1954 साली 'क्षिप्रा' ही कादंबरी. पुढे 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' अशी त्रयी पूर्ण झाली. 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला मिळाला, तोही मराठीसाठी. नोकरी त्यांनी नागपूरला केली. कादंबरीला नाव मात्र उज्जैनच्या नदीचं दिलं.

एका घरातून हिंदीला एक मोठा कवी गेला आणि मराठीला एक. थोरल्याने मराठी सोडली म्हणून त्याला कोणी घराबाहेरचं म्हटलं असतं का? आणि धाकटाही हिंदीत गेला असता तर 'क्षिप्रा' आपल्याला कोणी दिली असती? या दोन्ही प्रश्नांवर मी रामघाटावर बराच वेळ बसलो. घाटावर मोबाईलचं नेटवर्क चांगलं आहे, शांतता नाही.

ही ये-जा पुढेही चालू राहिली. निवृत्तीनंतर उज्जैनला राहिलेले हिंदी कवी चंद्रकांत देवताले यांनी दिलीप चित्रे यांच्या कविता हिंदीत नेल्या.

शेवटच्या दिवशी आत्याने कपाटातून दोन वह्या काढल्या. तिच्या मराठी कविता, चाळीसेक वर्षांच्या. मला माहीतच नव्हतं. गावात ऐकवायला आता मोजक्या बायका उरल्या आहेत, म्हणाली. तिची नववीतली नात शेजारी बसली होती. तिला म्हटलं, वाच. लिपी तीच, त्यामुळे पोरगी घडाघडा वाचत गेली. ळसुद्धा अडला नाही, कारण मालवीत ळ आहे. कविता संपल्यावर म्हणाली, 'आजी, अच्छी है. मतलब क्या है?' आत्या हसली. वही मिटताना मात्र तिने जरा जास्त वेळ घेतला.

बेंगळुरूच्या आपल्या मुलांचं उलटं आहे. त्यांना कानांनी मराठी कळते, डोळ्यांनी वाचवत नाही. नातीला अक्षर येतं, अर्थ येत नाही.

परत आल्यावर मी समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला. मुलांनी हव्या त्या भाषेत लिहावं. मात्र प्रत्येकाने घरातल्या किंवा नात्यातल्या एका मोठ्या माणसाचं मराठी लिखाण, पत्र, डायरी, पाककृतीची वही, काहीही, आपल्या भाषेत उतरवून आणायचं आणि मूळ मराठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. दोघांना पटलं. एकांचं म्हणणं असं की यातून लेखक तयार होणार नाहीत, फार तर अनुवादक होतील. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मुक्तिबोधांच्या आईनेही आधी मुलांना दोन्ही भाषांतलं वाचणंच दिलं होतं. निर्णय दिवाळीआधीच्या बैठकीत व्हायचा आहे. ज्यांना मत द्यायचं आहे त्यांनी या, नुसते अंगठे पाठवू नका.

दरम्यान आत्याच्या वहीतल्या तीन पानांचे फोटो मी भाचीला दिले. ती पहिल्याच कवितेत अडली. 'मामा, ओटी म्हणजे पोर्च की साडीतली ती नारळवाली?' मलाही सांगता येईना. आत्याला फोन लावला, तर ती म्हणाली, 'आधी बघ, पुढच्या ओळीत अंगण आहे का. नसेल तर मी लिहून राहिले होते काय, ते मलाच वाचून दाखव.'