सोमवार सोडला

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या घरचा सारा फराळ माझ्या नातीने केला. वय अवघे सोळा. पण चकलीचे वेढे असे की एकावर एक ठेवून पाहावेत, आणि करंजीची मुरड जणू छापातून काढलेली! शेजारीपाजारी ताटे पोचवण्याची तिला कोण घाई. आल्यागेल्याला आग्रह करकरून वाढायची. “आजी, आणखी एक घे ना गं,” म्हणत माझ्या बशीत अनारसा टाकायची. “आमची नात अगदी अन्नपूर्णा आहे हो!” असे मी चारचौघींत मिरवीत होते. ही अन्नपूर्णा स्वतः काय खाते, हे पाहण्याचे मात्र आम्हांपैकी कोणालाच सुचले नाही.

त्या श्रावणात तिने माझ्याबरोबर सोमवार धरला होता. श्रावण सरला, तरी तिचा उपास सुरूच. मग गुरुवार आला, पाठोपाठ चतुर्थी आली. आमचा उपास म्हणजे एकादशी नि दुप्पट खाशी. तिचा मात्र खरोखरीचा. खिचडी तेलकट म्हणून नको, दाणे जड म्हणून नकोत. शेवटी पेलाभर ताक. सूनबाई कुरकुरली, तर मीच तिला गप्प केले. म्हटले, “हल्लीच्या मुलींत इतकी श्रद्धा असते कुठे?” मूल जेवले नाही तर आपण रागावतो, तेच उपास करते म्हटले की कौतुक करतो. आमच्या घरात आजार शिरला तो या कौतुकाचा पदर धरून.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिच्या पाठीला तेल-उटणे लावायला बसले आणि माझी बोटे थबकली. मणक्यांची माळ एकेक मणी मोजून घ्यावा अशी हाताला लागत होती. दंडावर तान्ह्या मुलाच्या अंगावर असते तशी बारीक लव. कढत पाण्याने न्हाऊनही हात गारेगार. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून वावरे, ती मी फॅशन समजत होते! न्हाऊन उठताना तिला घेरी आली, तेव्हा आमचे डोळे उघडले.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. मिनिटाला चव्वेचाळीस ठोके. म्हणाले, “आजी, हा नखरा नव्हे आणि श्रद्धाही नव्हे, हा आजार आहे. शरीर उपाशी राहिले की हृदयसुद्धा काटकसर करू लागते.” पाळी थांबल्याचेही त्यांनी विचारल्यावरच कळले. तिला रुग्णालयात ठेवले. मला वाटले, आता भरपेट वाढले की झाले! पण उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला, तर रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून रोज रक्त तपासून, जपून जपून आहार वाढवावा लागला.

हे सारे मोबाइलचे खूळ, अशी माझी समजूत होती. पण १८७३ सालीच लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा मुलींची वर्णने केली होती. ‘अनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव गल यांचे. त्या नावाचा अर्थ भूक नसणे असा. पण तो फसवा आहे. भूक मेलेली नसते, तिच्याशी रात्रंदिवस झुंज चाललेली असते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, आणि तासन् तास पाककृतींची पुस्तके वाचू लागले! उपासमारच मनाला असे वाकवते. म्हणून या आजारात अन्न हे पहिले औषध. आमची अन्नपूर्णा मला तेव्हा उमगली.

आणि हा आजार नेहमी हाडे दाखवूनच येतो असे नाही. बेभान होऊन खायचे आणि मग ओकून टाकायचे, हा त्याचाच भाऊबंद. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी त्याला ‘बुलिमिया नर्व्होसा’ म्हटले. त्यात वजन चांगले दिसू शकते. जेवण होताच न्हाणीघर गाठणे, दात झिजणे, गाल सुजणे, अशा खुणा असतात. मुलगेही यातून सुटत नाहीत.

घरी आल्यावर खरी परीक्षा. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात आकाराला आलेली रीत मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हांला समजावली. दोष कोणाचा, हे उकरायचे नाही. काही काळ ताट आईबापांनी वाढायचे, शेजारी बसायचे, आणि मूल सावरेल तसतशी सत्ता त्याच्या हाती परत द्यायची. वजनाविषयी चकार शब्द नाही, “छान भरलीस हो!” हेसुद्धा नाही. वरणभाताला दीडदीड तास लागे. ती रडे, ओरडे, ताट लोटी. पोळीचे तुकडे रुमालात सापडत. सूनबाई न चिडता पुन्हा वाढी. मी तिच्याकडून धीर शिकले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले होते: त्या पंगतीत कोणी उपाशी नसावे. माझा सोमवार चाळीस वर्षांचा. रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याशेजारी पान मांडून घेतले.

“आजी, आज सोमवार ना?”

“हो. सोडला.”

“भर दुपारी?”

“कायमचा.”

ती काही बोलली नाही. त्या दिवशीही दीड तास लागला. पण रुमाल कोरडा निघाला.

हे बरे होणे पायरीपायरीचे असते. मध्ये एकदा ती घसरलीही. अजून तपासणी चालू आहे, आणि डॉक्टर ‘झाली बरी’ असे म्हणत नाहीत. पण यंदाच्या चकल्या वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. तळता तळता एक मोडून तिने तोंडात टाकली, ती मी चोरून पाहिली. परवा पहाटे तेल-उटणे लावताना माझी बोटे सवयीने तिच्या पाठीवरून मोजत निघाली.

“मोजू नकोस गं, आजी,” ती म्हणाली.

मी हात आवरला, आणि नुसते उटणे लावले.